न खेळलेला तीन-शून्य : फुटबॉलचा एक हंगाम वाचताना

मागच्या वर्षी प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा घेऊन मी मॅडमच्या खोलीत बसले होते. माझा विषय २००७ नंतरचं भारतातलं व्यावसायिक फुटबॉल. त्या प्रकरणात मी घरच्या मैदानाचा फायदा मोजला होता. म्हणजे यजमान संघ आपल्या मैदानावर किती सामने जिंकतो, पाहुणा किती जिंकतो, आणि वर्षागणिक त्यात काय फरक पडतो. हंगामवार तक्ता केला होता, आलेख काढला होता. आलेखात एका ठिकाणी रेघ विचित्र हलत होती आणि त्यावर मी दोन पानं विश्लेषणही ठोकून दिलं होतं.

मॅडमनी त्या ओळीवर पेन्सिल ठेवली. २०२०–२१. आणि एवढंच विचारलं, "इथे घर म्हणजे कुणाचं घर गं?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण त्या हंगामातला इंडियन सुपर लीगचा प्रत्येक सामना गोव्यात झाला होता. मुंबईचा, कोलकात्याचा, चेन्नईचा, गुवाहाटीचा, सगळ्यांचा. तरीही मी ज्या नोंदींवरून काम करत होते त्यांत प्रत्येक सामन्यापुढे एक संघ ‘यजमान’ आणि दुसरा ‘पाहुणा’ असं व्यवस्थित लिहिलेलं होतं. मी ते उतरवून घेतलं, बेरीज केली आणि टक्केवारी काढली. बेरीज बरोबर होती. मोजलेल्या गोष्टीला मात्र काही अर्थ नव्हता.

तेव्हापासून मी त्या हंगामाकडे आकडेवारी म्हणून बघायचं सोडलं आणि एखादं पुस्तक समीक्षेला घ्यावं तसा तो वाचायला घेतला. आजची पोस्ट त्याबद्दल आहे. पेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहिणाऱ्या मंडळींनी फुटबॉल आवडत नसलं तरी वाचावी. ज्यांना सेकंडरी डेटा म्हणजे तयार मिळणारा, तपासून ठेवलेला माल वाटतो, त्यांनी तर वाचावीच.

आधी हंगाम काय होता ते

करोनाचं वर्ष. २० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१. अकरा संघ, प्रत्येकाचे वीस सामने, म्हणजे साखळीचे एकूण ११० सामने. मैदानं तीन : मडगावजवळचं फातोर्डा, बांबोळीचं जीएमसी स्टेडियम आणि वास्कोचं टिळक मैदान. प्रेक्षक नाहीत. खेळाडू हॉटेलात बंद, बसने मैदानावर यायचं, खेळायचं, परत जायचं.

मुंबई सिटीचा पहिलाच सामना वाईट गेला. नॉर्थईस्ट युनायटेडकडून ०–१ हार, त्यात अहमद जाहूला लाल कार्ड. त्यानंतर मात्र हा संघ सलग बारा सामने हरला नाही. २४ फेब्रुवारीला त्यांनी ओडिशाला ६–१ असं झोडपलं, बिपिन सिंगची त्यात हॅट्‌ट्रिक. आणि मग आला साखळीचा शेवटचा दिवस, २८ फेब्रुवारी. समोर एटीके मोहन बागान. त्यांचे ४० गुण, मुंबईचे ३७. बागानला नुसती बरोबरी पुरेशी होती. मुंबईने २–० असा सामना जिंकला. एक गोल मुर्तदा फॉलचा, दुसरा ओगबेचेचा. दोघांचे गुण झाले ४०. लीग विनर्स शील्ड मुंबईकडे आली आणि तिच्यासोबत आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीची जागाही.

नंतर उपांत्य फेरीत एफसी गोवाला पेनल्टींवर ६–५ ने हरवून मुंबई अंतिम सामन्यात पोचली. १३ मार्चला फातोर्ड्यावर पुन्हा बागान. अठराव्या मिनिटाला डेव्हिड विल्यम्सने बागानला पुढे नेलं. एकोणतिसाव्या मिनिटाला बागानच्याच तिरीकडून स्वयंगोल झाला. आणि नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने चेंडू जाळ्यात मारला. २–१. एकाच हंगामात शील्ड आणि करंडक दोन्ही. त्या लीगमध्ये असं करणारा तो पहिला क्लब.

इथपर्यंतचं सगळं कुठेही वाचायला मिळतं आणि ते खरंच आहे. माझी तक्रार याच्या पुढे सुरू होते.

तक्ता हा निकाल असतो, वर्णन नसतं

गुणतक्त्यात दोन ओळी एकाखाली एक आहेत. मुंबई सिटी : २० सामने, १२ विजय, ४ बरोबरी, ४ पराभव, ४० गुण. एटीके मोहन बागान : २० सामने, १२ विजय, ४ बरोबरी, ४ पराभव, ४० गुण. म्हणजे विजय, बरोबरी, पराभव, गुण या चारही रकान्यांत दोन्ही संघ एकसारखे. तरी एक वर, एक खाली. का?

कारण नियम. समान गुण झाले तर आधी त्या दोन संघांमधले सामने बघायचे, असं त्या लीगचं ठरलेलं होतं. मुंबईने बागानला दोन्ही वेळा हरवलं होतं, ११ जानेवारीला १–० आणि २८ फेब्रुवारीला २–०. म्हणून मुंबई वर.

आता संशोधक म्हणून पुढचा प्रश्न विचारायचा : नियम दुसरा असता तर? गोलफरक आधी बघितला असता तर? मुंबईने ३५ गोल केले आणि १८ खाल्ले, फरक १७. बागानने २८ केले आणि १५ खाल्ले, फरक १३. तरीही मुंबईच वर. शेवटच्या सामन्याआधी तर दोघांचा गोलफरक अगदी सारखा होता, १५ आणि १५. म्हणजे त्या रात्री मुंबई कितीही फरकाने जिंकली असती तरी दोन्ही नियमांनी निकाल तोच लागला असता.

एवढी उठाठेव कशाला, असं वाटेल. पण मी किमान दोन ठिकाणी वाचलंय की मुंबई ‘तांत्रिक नियमामुळे’ शील्ड जिंकली. नियम बदलून बघायचा साधा हिशेब केला असता तर ते वाक्य लिहिलंच गेलं नसतं. कोणतंही कारण सांगण्याआधी ते काढून बघायचं. ते नसतानाही निकाल तोच येत असेल तर ते कारण नव्हे. हे एक वाक्य तुम्ही आरआरसीपुढच्या सादरीकरणात नेलंत तरी ही पोस्ट वाचल्याचं सार्थक होईल.

तीन कथा, तिन्ही अर्ध्या

या हंगामाबद्दल जे लिहिलं गेलं त्यात मला तीन कथा पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली पैशाची. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, मुंबईच्या क्लबातला ६५ टक्के हिस्सा घेण्याचं जाहीर केलं. पुढच्याच हंगामात दोन विजेतेपदं. सरळ रेष. पण पैसा थेट गोल करत नाही, तो माणसं आणतो. कोणती माणसं आणली हे सांगितल्याशिवाय ही कथा पुढे सरकत नाही.

दुसरी प्रशिक्षकाची. सर्जिओ लोबेरा आधी एफसी गोवाचे प्रशिक्षक होते. जानेवारी २०२०च्या शेवटी, गोवा तक्त्यात सगळ्यात वर असताना, त्यांना काढण्यात आलं. त्या हंगामाची शील्ड गोव्याने मिळवली, पण शेवटचे सामने क्लिफर्ड मिरांडांच्या हाताखाली खेळून. लोबेरा मुंबईला आले आणि वर्षभरात, गोव्याच्याच भूमीवर, गोव्याच्याच संघाला उपांत्य फेरीत हरवून जिंकले. सूडाची झकास गोष्ट. सिनेमाला चालेल.

पण लोबेरा एकटे आले नाहीत. ह्युगो बुमू, अहमद जाहू, मुर्तदा फॉल आणि मंदार राव देसाई हे चौघेही गोव्याच्या संघातून मुंबईत आले. म्हणजे आदल्या वर्षी शील्ड जिंकणाऱ्या संघाचा कणाच उचलून आणला होता. या अंगाने बघितलं तर पैशाची कथा आणि प्रशिक्षकाची कथा वेगवेगळ्या उरत नाहीत. पैशाने जे विकत घेतलं ते एक आधीच बसलेलं, एकमेकांच्या सवयी माहीत असलेलं मंडळ होतं. करोनामुळे तयारीला वेळ कमी होता, बाकीचे संघ नव्याने जुळत होते, आणि त्या परिस्थितीत आयत्या जुळलेल्या संघाची किंमत नेहमीपेक्षा जास्त होती. हे माझं अनुमान आहे, सिद्ध केलेलं नाही. पण तपासता येईल असं अनुमान आहे, आणि सूडाच्या कथेपुढे मला एवढाच फायदा हवा आहे.

तिसरी कथा नशिबाची : स्वयंगोल, नव्वदाव्या मिनिटाचा गोल, पेनल्टी. ही फक्त बाद फेरीला लागू पडते. वीस सामन्यांच्या साखळीत बारा विजय नशिबाने येत नाहीत. इथे चूक अशी होते की लोक शील्ड आणि करंडक यांना एका श्वासात ‘दुहेरी विजेतेपद’ म्हणतात आणि दोन वेगळ्या प्रकारच्या पुराव्यांची सरमिसळ करतात. एक पुरावा वीस सामन्यांचा, दुसरा तीन सामन्यांचा. तुमच्या प्रबंधात दीर्घ सर्वेक्षण आणि तीन मुलाखती एकाच वजनाने वापरल्या तर परीक्षक काय म्हणतील, तेच इथे म्हणायचं.

‘घर’ नावाचा रकाना

आता माझ्या चुकीकडे येते.

करोनाकाळात जगभर रिकाम्या मैदानांवर सामने झाले. त्यावर बरेच अभ्यास आले. यजमानांना मिळणारा फायदा प्रेक्षक नसताना कमी होतो असं त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांत दिसलं. पाहुण्या संघाला पंच जी जास्त पिवळी कार्डं दाखवतात, तो फरकही गर्दी नसताना आटतो असं निघालं. मी हे सगळं वाचलं होतं आणि माझ्या आलेखातली हललेली रेघ मी याच निष्कर्षावर टांगली होती.

पण युरोपातले ते बहुतेक सामने रिकामे असले तरी आपापल्या मैदानांवर झाले होते. यजमान आपल्या घरी झोपून आला होता, पाहुणा प्रवास करून. गर्दी काढली होती, बाकी सगळं होतं. गोव्यात गर्दी गेली, प्रवास गेला, ओळखीचं मैदानही गेलं. ‘यजमान’ हा शब्द उरला तो कामकाजापुरता. गंमत म्हणजे फातोर्डा हे एफसी गोवाचं खरोखरचं घर. म्हणजे अकरा संघांपैकी एकासाठी त्या शब्दात थोडा जीव शिल्लक होता आणि दहांसाठी नव्हता. मी अकराही एकाच टोपलीत टाकले.

संशोधन पद्धतीच्या पुस्तकात याला व्हेरिएबलची परिचालन व्याख्या म्हणतात. पेटला यावर एक गुणाचा प्रश्न येतो आणि आपण तो पाठ करून सोडवतो. खरा अर्थ मला त्या पेन्सिलीमुळे कळला : रकान्याचं नाव तेच राहतं, आतला माल बदलतो, आणि तुम्हाला कुणी सांगत नाही.

तक्त्यातली आणखी एक गप्प जागा म्हणजे तळ. ओडिशा एफसी १२ गुणांसह शेवटची आली. मग काय झालं? काहीच नाही. त्या वेळी या लीगमधून खाली घसरणं नव्हतं आणि खालून वर येणंही नव्हतं. ईस्ट बंगाल त्याच हंगामात आत आला तो खालच्या लीगमधून जिंकून नव्हे. खालची लीग जिंकून वर येण्याची वाट नंतर उघडली, २०२२–२३ची आय-लीग जिंकून पंजाबचा संघ वर आला तेव्हा. म्हणून २०२०–२१च्या फेब्रुवारीतला ओडिशाविरुद्धचा ६–१ आणि जिवावर खेळणाऱ्या एखाद्या तळाच्या संघाविरुद्धचा ६–१ हे सारखे नाहीत. आकडा सारखा, दाब वेगळा.

आणि जे तक्त्यात नाहीतच त्यांचं काय? महिंद्रा युनायटेडने २००५–०६ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये क्लबच बंद झाला. धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तीन क्लबांनी २०१६ मध्ये आय-लीगमधून अंग काढून घेतलं. चार वर्षांनी संपूर्ण हंगाम गोव्यातच खेळला गेला, तेव्हा ही तीन नावं कुठल्याच ओळीत नव्हती. जे उरले तेवढ्यांवरूनच इतिहास लिहिला तर तो नेहमी यशाचाच दिसतो.

एवढं सगळं बोलूनही माझा निवाडा मुंबईच्या बाजूने आहे, हे स्पष्ट सांगते. सगळ्यांना सारखी मैदानं, सारखा बंदिवास, सारखा प्रवास म्हणजे शून्य प्रवास. अटी इतक्या समान असणारा हंगाम दुसरा सापडणं कठीण, आणि त्या अटींत मुंबई चांगली खेळली. पुढे एप्रिल २०२२ मध्ये याच क्लबाने आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २–१ हरवलं, त्या स्पर्धेतला भारतीय क्लबाचा पहिला विजय. तेव्हा शील्ड फुकटची नव्हती. माझा आक्षेप विजेत्यावर नाही. हा हंगाम आधीच्या-नंतरच्या हंगामांच्या रांगेत, त्याच रकान्यांत, एकही खूण न करता बसवला जातो यावर आहे.

तुर्कस्तानातला तीन-शून्य

खूण करणं किती महत्त्वाचं, हे मला दुसऱ्या एका हंगामाने शिकवलं. तुर्कस्तानची सुपर लीग, २०२२–२३. प्रकरण दुरुस्त करताना ‘मोडलेले हंगाम’ शोधत होते, त्यात हा हाती लागला.

एकोणीस संघ, प्रत्येकाचे ३६ सामने. विजेता गलातासराय. तक्ता बघितला तर कुठेही तडा दिसत नाही. सगळ्यांचे ३६ सामने पूर्ण.

५ फेब्रुवारी २०२३. हाताय प्रांताचा संघ हातायस्पोर आपल्या मैदानावर कासिमपाशाविरुद्ध खेळत होता. जादा वेळेत घानाच्या ख्रिस्तियन आत्सूने फ्री किकवर गोल केला आणि हातायस्पोर १–० जिंकला. दुसऱ्या दिवशी पहाटे भूकंप झाला. तुर्कस्तानात पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली. आत्सू ढिगाऱ्याखाली सापडला, १८ फेब्रुवारीला त्याच्या मृत्यूची बातमी आली.

हातायस्पोर आणि गाझियानतेप हे दोन संघ हंगामातून बाहेर पडले. लीग पुढे चालू ठेवायची तर त्यांच्या उरलेल्या सामन्यांचं काय करायचं? ठरलं असं की ते सगळे सामने प्रतिस्पर्ध्याने ३–० असे जिंकले असं धरायचं. दोन्ही संघांना खालच्या लीगमध्ये घसरण्यापासून मात्र वाचवण्यात आलं.

दुसरा मार्ग काय होता, हे मला अजूनही सांगता येत नाही. त्यांचे आधीचे सगळे सामनेही रद्द केले असते तर आत्सूचा तो गोलही पुसला गेला असता. नियम निर्दय नव्हता. पण त्याचा परिणाम बघा. ज्या संघाचा हातायस्पोरशी परतीचा सामना भूकंपाआधी झाला, त्याला मैदानावर मिळालं तेवढंच मिळालं. कासिमपाशाला त्या सामन्यातून शून्य गुण. ज्याचा सामना पुढच्या आठवड्यात होता त्याला घरी बसून तीन गुण आणि तीन गोल. तक्त्यात दोन्ही प्रकारचे गुण एकाच रकान्यात, एकाच अक्षरात.

एक सराव देते. कोणत्याही हंगामातल्या संघाच्या एकूण गोलांची बेरीज करा. मग त्या संघाच्या खेळाडूंच्या नावावरचे गोल मोजा आणि प्रतिस्पर्ध्यांचे स्वयंगोल त्यात मिळवा. दोन्ही आकडे जुळायला हवेत. या हंगामात ते जुळत नाहीत, कारण त्या तीन-तीन गोलांना कुणाचं नावच नाही. न जुळणारी बेरीज दिसली की बहुतेक विद्यार्थी स्वतःची चूक समजून आकडे दाबून बसवतात. दाबू नका. तिथे खणा, खाली काहीतरी असतं.

त्याच देशाचा अजून एक हंगाम थोडक्यात. २०१०–११ मध्ये फेनरबाहचे आणि त्राबझोनस्पोर दोघांचे ८२ गुण झाले आणि फेनरबाहचे विजेते ठरले. त्या जुलैमध्ये सामने ठरवून खेळल्याच्या आरोपावरून धरपकड झाली. पुढच्या हंगामात युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये फेनरबाहचेच्या जागी त्राबझोनस्पोरला पाठवलं गेलं. शिक्षा झाल्या, पुढे खटला पुन्हा चालला आणि क्लबाचे अध्यक्ष निर्दोष सुटले. देशातलं विजेतेपद काढून घेतलं गेलं नाही, आणि त्राबझोनमधली माणसं ते आजही आपलंच मानतात. म्हणजे तक्ता छापून झाला म्हणून हंगाम संपतोच असं नाही.

पर्लकोटा

तुर्कस्तानचा तो ३–० वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. त्याचं कारण घरचं आहे.

मी भामरागडची. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या आमच्याकडे भेटतात. बाहेरच्या माणसाला संगम बघायला छान वाटतं. हेमलकशाकडून गावात यायचं तर पर्लकोटा ओलांडावी लागते, आणि तिच्यावरचा पूल ठेंगणा. पावसाळ्यात पाणी चढलं की पूल बुडतो, आलापल्लीचा रस्ता तुटतो आणि गाव बेट होतं. हे दर पावसाळ्याचं आहे. आणि शाळांच्या क्रीडास्पर्धा नेमक्या पावसाळ्यातच असतात.

नववीत असताना मी शाळेच्या व्हॉलीबॉल संघात होते. तालुक्यातून निवडून आलो होतो, पुढचा सामना बाहेर होता. आदल्या दिवशी पाणी चढलं. आम्ही सहा-सात मुली बॅगा भरून काठावर उभ्या होतो. सर म्हणाले, संध्याकाळपर्यंत उतरेल. संध्याकाळी अजून वर आलं. तिसऱ्या दिवशी रस्ता सुरू झाला तेव्हा स्पर्धा उरकली होती.

निकालपत्रकात आमच्या नावापुढे दोन शब्द होते : ‘संघ गैरहजर’. समोरच्या संघाला ‘पुढे चाल’.

लिहिणाऱ्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आम्ही हजर नव्हतो, हे सत्यच. त्या छापील तक्त्यात कारण लिहायला रकानाच नव्हता. पण मला काळजी वाटते ती वीस वर्षांनी येणाऱ्या माझ्यासारख्याच कुणा विद्यार्थिनीची. ‘गडचिरोली जिल्ह्यातल्या मुलींचा क्रीडासहभाग’ असा विषय घेऊन ती येईल. तिला पत्रकं मिळतील. भामरागडसमोर ‘गैरहजर’ हा शब्द पुन्हा पुन्हा दिसेल. ती मोजेल, टक्केवारी काढेल, आणि प्रामाणिकपणे लिहील की या तालुक्यात मुलींमध्ये खेळाविषयी उदासीनता आहे. कदाचित आदिवासी समाज, शिक्षणाचा अभाव, पालकांची मानसिकता अशी कारणंही जोडेल, कारण अशी वाक्यं आधीच्या प्रबंधांत तयार मिळतात. तिची बेरीज बरोबर असेल. पाऊस किती पडला हे मात्र ती बघणार नाही.

२०२०–२१चा ‘यजमान’ शब्द उतरवून घेताना मी नेमकं तेच केलं होतं. मुंबईच्या खेळाडूंना काही फरक पडला नाही. पण सवय तीच, आणि ती सवय आमच्या गावावर चालवली गेली तर फरक पडतो.

मग मी काय केलं, तुम्ही काय करायचं

प्रकरणातून २०२०–२१ मी काढून टाकलं नाही. काढणं सोपं होतं आणि आलेखही सुंदर झाला असता. मी त्या सामन्यांना ‘तटस्थ मैदान’ अशी वेगळी खूण दिली, एफसी गोवाचे सामने वेगळे ठेवले, आणि घरच्या फायद्याच्या मोजणीतून तो हंगाम वगळला तो का, हे प्रकरणातच लिहिलं, तळटीपेत लपवलं नाही. विश्लेषणाची दोन पानं गेली. त्यांच्या जागी ‘घर’ म्हणजे काय यावर चार पानं आली, आणि मॅडमना आवडलेली पानं तीच.

तुमचा विषय फुटबॉल नसेल. धान खरेदीचे आकडे असतील, शाळेची पटसंख्या असेल, ग्रामसभेची उपस्थिती असेल. तयार तक्ता हातात आला की बेरजेआधी त्याला चार गोष्टी विचारा. रकान्याच्या नावाचा अर्थ सगळ्या वर्षांत एकच आहे का? समान दिसणाऱ्या दोन ओळींत वर-खाली कोणत्या नियमाने ठरलं, आणि नियम बदलला तर काय होतं? घडलेलं आणि धरून चाललेलं, दोन्ही एकाच रकान्यात आहे का? आणि या यादीत कोण असायला हवं होतं पण नाही?

उत्तर प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही. पण प्रश्न विचारल्याची खूण प्रबंधात दिसू द्या.

दिवाळीत घरी गेले होते तेव्हा आमच्या तेव्हाच्या संघातल्या तिघी भेटल्या. मी वही काढली आणि तारीख, पाणी कधी चढलं, कोण कोण काठावर होतं, हे तिघींकडून वेगवेगळं लिहून घेतलं. दोघींची तारीख जुळली, तिसरीची एका दिवसाने वेगळी आली. तिन्ही लिहून ठेवल्यात. पुढच्या पोस्टमध्ये अशा आठवणी पुरावा म्हणून कशा वापरायच्या त्याबद्दल बोलू.